कॅटवॉकवर सर्कस: रिंगणातला फॅशन शो कसा बसवायचा, पहिल्या कल्पनेपासून गाशा गुंडाळेपर्यंत

सर्कस थीम म्हटली की सगळ्यांच्या डोक्यात आधी लाल-पांढरे पट्टे येतात, मग टॉप हॅट, मग कुणीतरी म्हणतं उंच काठ्यांवर चालणारे आणूया, कुणी म्हणतं जोकर हवाच, आणि बघता बघता सामानाची भली मोठी यादी तयार होते पण शो काही तयार होत नाही. माझं मत अगदी स्पष्ट आहे, सर्कशीकडून सामान उचलायचं नाही, रचना उचलायची. म्हणजे काय तर गोल रिंगण, एका वेळी एकच आयटम, प्रेक्षकाची नजर हाताला धरून नेणं, आधी ताण मग सुटका, आणि समोर खऱ्या माणसाने खरोखर काहीतरी अवघड करणं. आणि हे सगळं कशासाठी, तर कपड्यासाठी. नुसतं चालून कपड्याचं जे दिसलं नसतं ते कसरतीने दाखवलं पाहिजे. ते दाखवत नसेल तर कसरत कितीही भारी असो, शोमधून काढून टाका, खरंच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना असा शो प्रत्यक्ष उभा करायचाय, कॉलेजचा असो की मोठ्या लेबलचा. क्रमाने लिहितोय पण काही पायऱ्या लांब आहेत कारण तिथेच खरं काम आहे.

पायरी १: आधी कुणी काय केलंय ते नीट बघा

फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेलीने १९३८ मध्ये पॅरिसला सर्कस कलेक्शन केलं तेव्हा तिच्या सलोंमध्ये, म्हणजे कपडे दाखवायच्या दालनात, कसरतपटू धावत-उड्या मारत होते, पण त्या कलेक्शनमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट बोटभर आहे. बटणं. गुलाबी रेशमी जॅकेट, कापडावर सर्कशीचे घोडे, आणि समोर बटणांच्या जागी दागिने घडवणाऱ्या झां श्लंबर्जेने बनवलेले धातूचे छोटे कसरतपटू, अंग ताणून झेप घेतल्यासारखे. शो संपला, कसरतपटू घरी गेले, तरी त्या जॅकेटमधली सर्कस तशीच राहिली, आजही म्युझियममध्ये ती बटणं बघताना कळतं. तुमच्या कलेक्शनमध्ये अशी एक तरी गोष्ट आहे का हे आधी तपासा, नसेल तर कितीही मोठा तंबू ठोकला तरी सर्कस बाहेरच राहणार.

दुसरं उदाहरण फ्रेंच डिझायनर थिएरी म्युगलेरचं. १९९५ मध्ये त्याने लेबलची २० वर्षं साजरी करायला पॅरिसचं सर्क दिव्हेर निवडलं, १८५२ मध्ये बांधलेली खरी सर्कशीची इमारत, जिथे १८५९ मध्ये ज्यूल लेओतारने पहिल्यांदा उडत्या झुल्याची कसरत केली होती (त्या अंगासरशी बसणाऱ्या पोशाखाला त्याचंच नाव पडलं, लिओटार्ड). म्हणजे सेट बांधायची गरजच नाही, जागाच सेट. तो शो जवळपास तासाभराचा होता. सध्याच्या १०-१५ मिनिटांच्या शोमध्ये ते झेपत नाही, पण जागा निवडण्याबद्दल बरंच शिकवून जातो.

आणि आता दोन शो शेजारी शेजारी ठेवून बघा कारण यातून जे कळतं ते दहा मूडबोर्डनी (चित्रं चिकटवलेल्या फळ्यांनी) कळत नाही. अलेक्झांडर मॅक्वीनने २००१ मध्ये लंडनला मधोमध मेरी-गो-राउंड ठेवलं, मॉडेल्सच्या चेहऱ्यावर जोकरचा भेसूर मेकअप, जुनी खेळणी, आणि एक मॉडेल सोनेरी सांगाडा मागे फरफटत नेतेय. दहा वर्षांनी, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिसला मार्क जेकब्सने लुई व्हितॉनसाठी पुन्हा मेरी-गो-राउंडच ठेवलं, पण पांढरंशुभ्र, मॉडेल्स घोड्यांवर बसून फिरताहेत, कपडे फिकट पेस्टल, सगळं गोड. वस्तू एकच आणि भाव एकदम उलटे. म्हणून मी म्हणतो वस्तूला स्वतःचा अर्थ नसतो, लाइट, रंगभूषा आणि आवाज तिला अर्थ देतात. "सर्कस म्हणजे आनंद" किंवा "सर्कस म्हणजे भीती" असं काही ठरलेलं नाहीये, ते तुम्ही ठरवायचं आणि पहिल्याच मीटिंगला ठरवायचं.

डिओरचा जानेवारी २०१९ चा कुत्युर (मापाने, हाताने शिवलेल्या उंची कपड्यांचा) शो पण बघा. तिथली तेव्हाची डिझायनर मारिया ग्राझिया क्युरीने पॅरिसच्या रोदँ म्युझियमच्या बागेत तंबू उभारला, लंडनच्या मिम्ब्र या फक्त बायकांच्या कसरत कंपनीला बोलावलं, त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहून माणसांचे मनोरे करत होत्या आणि मॉडेल्स त्यांच्यामधून चालत होत्या. मॉडेल्सच्या डोक्याला घट्ट टोप्या, गळ्याला विदूषकी झालरी, म्हणजे केसांचा पसाराच नाही, नजर थेट गळ्याकडे आणि कापडाकडे. कसरत हळू, जमिनीवर, मजबूत. कुठेही कपड्याशी स्पर्धा नाही. मला सर्कस आणि कुत्युरची ही सगळ्यात समंजस जुळणी वाटते.

पायरी २: कपडा आणि कसरत यांची जोडी लावा

कलेक्शनचे सगळे लुक्स भिंतीवर लावा आणि प्रत्येकापाशी उभं राहून एकच प्रश्न विचारा, हा कपडा चालताना काय लपवतो? घेर लपतो, ताण लपतो, अस्तर लपतं, पाठ लपते, बुटाचा तळ लपतो. जे लपतंय ते उघड करणारी कसरत शोधा. टोप्यांचं कलेक्शन असेल तर टोप्या झेलणारा जगलर, ही सर्कशीतली जुनी कसरत आहे आणि टोपीची कड, वजन, आतलं अस्तर सगळं हवेत फिरताना दिसतं. विणलेल्या ताणदार कपड्याला अंग वाकवणारी कलाकार. बूट दाखवायचे तर गुडघ्याइतक्या उंचीवरची तार, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर पाऊल येतं आणि कुणी कपाळाकडे बघतच नाही. भारी शिवणकामाचा कोट असेल तर रिंगमास्टर पुरे, त्याने फक्त उभं राहायचं.

उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापलेल्या स्कर्टचं जरा सविस्तर सांगतो कारण ही जोडी मला फार आवडते. लोखंडी कडं वरून टांगलेलं, साधारण मीटरभर व्यासाचं, त्यात कलाकार बसलेली आणि कडं फिरायला लागतं. पहिल्या अर्ध्या फेरीत स्कर्ट काहीच करत नाही, अंगालाच चिकटून असतो, मग खालची कड उशिराने उठते, घेर उघडतो, आणि खरी मजा तेव्हा जेव्हा कडं थांबतं, अंग थांबतं पण कापड थांबत नाही, ते तसंच पुढे जाऊन पायांभोवती गुंडाळतं आणि सावकाश सुटतं. ती सुटतानाची दोन सेकंदं म्हणजे त्या शिंप्याच्या कौशल्याचा पुरावा. सरळ धाग्यावर कापलेला स्कर्ट हे असं करणार नाही, तो एका बाजूला फडकतो आणि पडतो. तर ही चाचणी प्रत्येक जोडीची करा, म्युझिक बंद, साधा पांढरा लाइट, फोनवर स्लो मोशन व्हिडिओ. म्युझिक बंद असताना पण बघावंसं वाटलं तर ठेवा.

पूर्ण शोमध्ये कसरती तीनच ठेवा, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि एकाच वेळी दोन ठिकाणी कसरत चालू नको.

पायरी ३: रिंगण आखा

सर्कशीचं रिंगण ४२ फूट व्यासाचं, म्हणजे जवळपास १३ मीटर. हे माप घोड्यांमुळे आलंय, १७६८ मध्ये लंडनला फिलिप अ‍ॅस्टलीने गोल फिरणाऱ्या घोड्यावर उभं राहून खेळ सुरू केले, गोलात पळताना घोडा आणि स्वार दोघं आत कलतात आणि त्या कलण्यामुळे स्वाराला तोल धरता येतो, आणि पुढे ४२ फूट हे प्रमाण ठरून गेलं. तुमच्याकडे घोडे नाहीत (नसावेतच, यावर पुढे बोलतो), तरी हे माप माणसांच्या चालीलाही छान बसतं.

हिशोब करून बघू. मॉडेलची वाट कडेपासून अर्धा मीटर आत धरली तर वाटेचा व्यास १२ मीटर, पूर्ण घेर साधारण ३८ मीटर. हील्स घालून सेकंदाला १.२ मीटर हा बरा वेग आहे. आता मोठा प्रश्न फोटोग्राफर्सचा. सरळ रॅम्पवर ते टोकाला उभे असतात आणि मॉडेल त्यांच्याकडे तोंड करून येते, गोलात मात्र मॉडेल सतत वळत असते आणि सगळे फोटो बाजूने निघतात, कपड्याचा समोरचा नीट फोटोच मिळत नाही. गोल शोमध्ये सगळ्यात जास्त रडारड यावरून होते. उपाय असा की एंट्रीच्या बरोबर समोर फोटोग्राफर्सचा स्टँड ठेवा, मॉडेलने आत येऊन रिंगण मधून सरळ ओलांडायचं, १२ मीटर म्हणजे १० सेकंद, तिथे ३ सेकंद थांबायचं, आणि मग अर्धा गोल करून परत एंट्रीकडे, १९ मीटर म्हणजे १६ सेकंद. एकूण २९ सेकंद. एक मॉडेल डावीकडून परतेल, पुढची उजवीकडून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कपडे जवळून दिसतात, आणि शेवटच्या फेरीत सगळ्यांनी पूर्ण गोल करायचा म्हणजे एका बाजूचे जे चुकले ते तेव्हा दिसतील.

हवेत कसरत चालू असताना मात्र मधली वाट बंद. लटकलेल्या कलाकाराखालून कुणीही जाणार नाही, मॉडेल नाही, कॅमेरावाला नाही, कुणीच नाही. त्या वेळी फक्त कडेचा गोल वापरा किंवा वाट पूर्ण रिकामी ठेवा.

बसायची जागा चढत्या पायऱ्यांची असेल तर उत्तम, पण पहिली रांग रिंगणाच्याच पातळीवर हवी म्हणजे कपड्याची खालची कड आणि बूट नजरेसमोर येतात. गोलात एक गोष्ट आपोआप होते, समोरचे प्रेक्षक पण दिसतात, त्यांचे चेहरे, त्यांचं दचकणं, आणि त्याने वातावरण तापतं. त्यामुळे प्रेक्षकांवर अगदी हलका लाइट राहू द्या, पूर्ण अंधार करू नका.

जमिनीबद्दल थोडक्यात. लाकडाचा भुसा दिसायला सुंदर असतो पण हीलला घातक, आणि ड्रेसच्या मागे लोळणाऱ्या लांब ट्रेनमध्ये अडकून सगळीकडे जातो. ताणून चिकटवलेलं डान्स व्हिनाइल किंवा घट्ट गालिचा घ्या, जोडांवर टेप मारा, भुशाचा रंग हवा असेल तर तसा रंगाचा गालिचा घ्या.

पायरी ४: मिनिटांचा कागद

लुक्स ३६ धरूया, दोन एंट्रींमध्ये १२ सेकंद अंतर. म्हणजे रिंगणात एका वेळी दोन-तीन मॉडेल्स, गर्दी नाही आणि रिकामंही नाही. शेवटची मॉडेल ४२० व्या सेकंदाला आत येते, साडेसात मिनिटांत बाहेर जाते. त्यात एकेक मिनिटाच्या तीन कसरती, शेवटची फेरी दीड मिनिट, एकूण १२ मिनिटं. झालं, यापेक्षा लांबवू नका.

आता यातली खरी गंमत. मॉडेल्स १८ असतील आणि प्रत्येकीला दोन लुक्स असतील तर पहिलीचा दुसरा लुक १९ वा, म्हणजे ती आत आल्यापासून २१६ सेकंदांनी तिला पुन्हा उभं राहायचंय, त्यातले २९ सेकंद ती रिंगणातच आहे, मागे येणं, रांगेत उभं राहणं धरलं तर कपडे बदलायला जेमतेम अडीच मिनिटं हातात. कॉर्सेट, ३० हुक, झालर, टोपी, हे अडीच मिनिटांत होत नाही. पण मध्ये एक मिनिटाची कसरत टाकली की ते अडीचचं साडेतीन होतं. म्हणजे कसरत कुठे टाकायची हे फक्त भावनेने ठरवू नका, मागे कुठली बदलाबदली जड आहे ते बघून ठरवा. जुन्या सर्कशीतही हेच, मागे जाळी बांधायची किंवा पिंजरे लावायचे असले की पुढे जोकर यायचे आणि लोक हसत राहायचे. जोकर हा सर्कशीचा पडदा आहे, त्याच्याकडे त्या नजरेने बघा.

पायरी ५: हवेतलं काम, इथे काटकसर नाही

हे वाचताना घाई करू नका. छताला काहीही टांगण्याआधी रिगर पाहिजे, आणि रिगर म्हणजे लाइट लावणारा ओळखीचा मुलगा नव्हे, माणसांचं वजन टांगायचा अनुभव असलेला प्रशिक्षित माणूस. इमारतीच्या इंजिनिअरकडून छताची क्षमता कागदावर लिहून घ्या. ६० किलोची कलाकार म्हणजे ६० किलोचं वजन असं नसतं, वरून टांगलेल्या लांब कापडावरून गुंडाळी सोडत खाली येते आणि झटक्याने थांबते तेव्हा तिच्या वजनाच्या कित्येक पट जोर वरच्या पॉइंटवर येतो. म्हणून माणसांसाठीच्या साहित्यात बऱ्याच ठिकाणी दहा पट सुरक्षा धरतात, म्हणजे अपेक्षित भाराच्या दहा पट भारालाच ते तुटेल असं साहित्य. नेमका आकडा तुमच्या जागेचे नियम आणि तुमचा रिगर ठरवेल, तुम्ही आणि मी नाही.

उंचीचं बघायचं तर लांब कापडावरच्या कसरतीला साधारण ६ मीटर मोकळी जागा असली की कलाकाराला मोकळेपणी काम करता येतं, कड्याला त्याहून कमी चालते. खाली जाड गादी हवी, आणि ती गादी कोण आणणार, कोण काढणार, किती सेकंदात, हे मिनिटांच्या कागदावर यायला हवं. मी तर म्हणतो गादी लपवू नका, तिला कलेक्शनच्या कापडाचा अभ्रा घाला आणि दोन जोकर ती मिरवत आणू देत.

कलाकार वर अडकली, तिला चक्कर आली, हात आखडला, तर खाली कशी आणायची? पुली आहे का, शिडी कुठे आहे, हे आधी ठरवा आणि एकदा प्रत्यक्ष करून बघा. आणि शेवटची तपासणी, टांगण्यासाठीचं प्रत्येक जोडसाहित्य, म्हणजे प्रत्येक कॅराबिनर, प्रत्येक शॅकल, प्रत्येक स्विव्हल, शोच्या दिवशी दारं उघडायच्या आधी, रिगर आणि कलाकार दोघांनी मिळून. ही तपासणी झाल्यावर वर कुणीही हात लावायचा नाही, लाइटवाल्याने पण नाही.

आग, खऱ्या ज्वाळा, नको. टूल, ऑर्गन्झा अशी पातळ कापडं, पिसं, हेअरस्प्रे मारलेले केस आणि तंबूचं कापड एकत्र असताना मशालीची गरज कुणालाच नाही. तंबूचं, पडद्यांचं कापड आग न पकडणारं आहे याचं सर्टिफिकेट मागा.

पायरी ६: माणसं

कलाकारांना नर्तक समजून "दोन-तीन पोझेस द्या" म्हणू नका. त्यांना कलेक्शन दाखवा, कुठला कपडा काय करतो ते सांगा आणि चाल त्यांनाच सुचवू द्या, शरीर काय करू शकतं हे त्यांना माहीत असतं. मानधन मॉडेल्सच्या बरोबरीने आणि नाव क्रेडिट्समध्ये. त्यांना गरम खोली आणि वॉर्म-अपला अर्धा तास लागतो, आणि शो उशिरा सुरू होणार असेल (होतोच) तर ते थंड पडतात, मग पुन्हा वॉर्म-अप. थंड अंगाने वर पाठवायचं नाही.

प्राणी नकोत. जंगली प्राण्यांच्या खेळांवर अनेक देशांत बंदी आहे, पण नसती तरी कॅमेऱ्यांचे फ्लॅश, मोठा आवाज आणि अनोळखी गर्दीत त्यांना आणणं चूकच. घोडा हवाच असेल तर दोन माणसांनी चालवलेला मोठा पुतळा-घोडा घ्या, कापडाचा, तो कलेक्शनच्याच कापडाचा करता येतो.

आणि जुन्या सर्कशींच्या बाजूच्या तंबूत वेगळ्या शरीराची माणसं "बघायला" ठेवायचे, तो भाग सर्कशीच्या इतिहासात आहे पण तो थीम म्हणून उचलू नका. बुटकी मॉडेल, दाढी असलेली मॉडेल, जाड मॉडेल घ्या, जरूर घ्या, पण इतरांसारखीच, तितकाच चांगला लुक देऊन.

पायरी ७: कपडेपट

कसरत करणाऱ्या कलाकाराचा कपडा आणि रॅम्पवरचा कपडा दिसायला एक पण शिवायला दोन. झिप, हुक, टिकल्या, धातूची बटणं ही टांगलेल्या लांब कापडात अडकतात, कापड फाडतात, अंगाला काचतात, त्यामुळे कसरतीच्या कपड्यावर चमक छापील किंवा सपाट चिकटवलेली ठेवा. गुडघ्याची मागची बाजू आणि बगल झाकलेली हवी, तिथेच कड्याचं घर्षण होतं आणि कातडी सोलवटते. बाहीला बगलेखाली चौकोनी कळी टाका, ती नसली की हात वर करताच अख्खा ड्रेस वर जातो आणि कंबरेचा आकार मोडतो. आत लिओटार्डसारखा चार बाजूंनी ताणणारा थर, त्यावर तुमचं डिझाइन. आणि फिटिंग आरशासमोर नाही, कड्यावर, उलटं लटकून.

रॅम्पवरच्या मॉडेलच्या बाबतीत झालरीवाली विदूषकी कॉलर हा मोठा विषय. दिसते अप्रतिम, पण रुंद झाली की मॉडेलला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि गोल वाटेवर पाय न दिसणं सरळ वाटेपेक्षा जास्त त्रासाचं. समोरची बाजू थोडी खाली कलवा, किंवा समोरून अरुंद आणि मागून रुंद करा. जमिनीवर वाटेची कड फिकट रेषेने आखा, तिरक्या नजरेला तेवढी पुरते.

टोपीचं वजन आतल्या फणीवर आणि इलॅस्टिकवर घ्या, पिनांवर नको.

पायरी ८: रंगभूषा

पांढरा चेहरा, टोकदार भुवया हा एक जोकर, लाल नाक आणि मोठं तोंड हा दुसरा, काळवंडलेली दाढी आणि फाटका कोट हा तिसरा. त्यातलं मिसळून काहीतरी करण्याऐवजी एक निवडा आणि त्यातूनही काढून टाकत जा, एक अश्रू, एक भुवई, नुसते पांढरे ओठ. जोकर मंडळींमध्ये जुना संकेत आहे की एकाने दुसऱ्याचा चेहरा चोरायचा नाही, ब्रिटनमध्ये तर १९४६ पासून अंड्यांवर जोकरांचे चेहरे रंगवून नोंद ठेवायची पद्धत सुरू झाली. तेव्हा एखाद्या खऱ्या जोकरचा चेहरा फोटोवरून उतरवू नका, तुमचा बनवा.

पांढरा रंग कॉलरला लागतो, हे तर ठरलेलंच. क्रम असा ठेवा, आधी रंग, मग भरपूर पावडरने बसवणं, मग डोक्यावरून पातळ रेशमी पिशवी किंवा स्कार्फ घालून त्यावरून कपडा चढवणं, मग स्कार्फ काढणं. दुसऱ्या लुकच्या बदलीतही हेच, प्रत्येक ड्रेसरच्या खिशात स्कार्फ. दुरुस्तीसाठी मेकअपचा एक माणूस एंट्रीच्या अगदी तोंडाशी.

पायरी ९: लाइट

एकच तत्त्व, रंग पार्श्वभूमीवर टाका, कपड्यावर पांढरा. सर्कस म्हणून सगळीकडे लाल लाइट सोडला तर हिरवा ड्रेस काळा दिसेल आणि गुलाबी नाहीसा होईल, आणि ज्यांना कलेक्शन विकत घ्यायचंय त्यांना काही समजणार नाही. वाटेवर रंग खरे दाखवणारे, म्हणजे ९० च्या वरच्या सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लाइट्स, सगळ्यांचं कलर टेम्परेचर (उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा) एकच, आणि ते आकडे फोटोग्राफर्सना आधी कळवा.

गोलात लाइट सगळीकडून यावा लागतो, एका बाजूने टाकला तर अर्धे प्रेक्षक सावल्या बघतात. निदान चार दिशांनी, वरून ४५ अंशांच्या आसपास. कसरतीच्या वेळी बाकी उतरवून फॉलो स्पॉट (कलाकारामागे फिरणारा झोत), पण कलाकाराच्या डोळ्यांत थेट नको, तिला हात कुठे टाकायचा ते दिसलं पाहिजे, आणि अचानक ब्लॅकआउट तर ती वर असताना अजिबात नाही. स्ट्रोब टाळा, काहींना त्याने फेफरं येऊ शकतं. धुराने लाइटच्या शलाका छान दिसतात, पण आधी बघा की अग्निशमनाचा अलार्म त्याने वाजतो का आणि जमीन निसरडी होते का.

पायरी १०: आवाज

ती सगळ्यांना ठाऊक असलेली सर्कशीची मार्च वाजवू नका, दोन सेकंदांत सगळं स्वस्त वाटायला लागतं. सर्कशीच्या बँडकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे, तिथे बँडमास्टर कलाकाराकडे बघून वाजवतो, कलाकार बँडकडे बघून उडी मारत नाही. म्हणून कसरतीच्या भागाला एक तरी जिवंत वादक ठेवा, ड्रम पुरे. कलाकाराला एका चालीला तीन सेकंद जास्त लागले तर ड्रम थांबेल, रेकॉर्ड केलेला ट्रॅक थांबणार नाही आणि ती घाई करेल, आणि घाई हवेत वाईट. चालायच्या भागाला ट्रॅक ठीक.

सगळ्यात मोठा क्षण शांततेत ठेवून बघा. ड्रम वाजत असतो, एकदम थांबतो, आणि त्या शांततेत फक्त कापडाचा आवाज येतो, तफेताचा तो करकरता आवाज, आणि अख्खं रिंगण ऐकत असतं.

पायरी ११: तालमी आणि शो कॉल करणं

तीन वेगवेगळ्या तालमी करा. पहिली फक्त मॉडेल्सची, साध्या कपड्यांत पण शोच्या बुटांत, वाट पाठ होण्यासाठी, कारण कुणी डावीकडून परतायचं कुणी उजवीकडून यात हमखास गोंधळ होतो, मनगटाला दोन रंगांच्या रिबिनी बांधा आणि शोआधी सोडा. दुसरी फक्त कसरतींची, पूर्ण लाइट आणि आवाजासह. तिसरी रंगीत तालीम, सगळं खरं, बदलाबदलीसह, स्टॉपवॉच घेऊन. रंगीत तालमीत जो कपडा दोनदा वेळेत बदलला गेला नाही त्याचं स्थान बदला, "शोला होईल" असं म्हणू नका.

शो कॉल करणारा, म्हणजे कधी काय सुरू करायचं ते सगळ्यांना सांगणारा, माणूस एकच, आणि रिंगण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, नुसत्या मॉनिटरवर नाही. त्याच्या कागदावर प्रत्येक क्यू (इशारा), लाइट, आवाज, एंट्री, गादी. आधी "स्टँडबाय" (तयार राहा), मग "गो". एक शब्द असा ठरवा की तो उच्चारला की सगळं थांबतं, लाइट वर, म्युझिक बंद, आणि तो शब्द बोलायचा अधिकार रिगरला आणि कलाकारालाही आहे, कुणाची परवानगी न घेता. डिझायनर शेजारी उभा राहून काहीही म्हणत असला तरी.

कॉन्फेटी उडवायची तर शेवटची मॉडेल चालून झाल्यावर, पातळ कागदाची. चकचकीत धातूच्या लेपाची घेऊ नका, हीलखाली घसरते आणि विजेच्या जोडण्यांवर पडली तर आणखी धोका.

पायरी १२: पडदा पडल्यावर

लोक बाहेर पडेपर्यंत वरचं काही खाली घेऊ नका. मग आधी कलाकारांचं साहित्य, तेही त्यांच्यासमोर, कारण कापड आणि कडं त्यांचं असतं आणि ते त्यांनाच घडी घालू द्या. त्यानंतर लाइट्स, मग ट्रस (लाइट्स टांगायचा धातूचा सांगाडा). कुठल्या पॉइंटवर काय होतं, त्याचे फोटो आणि रिगरचे कागद जपून ठेवा, पुढच्या शोला तीच जागा मिळाली तर अर्धं काम वाचेल.

कपडे पेटीत भरायच्या आधी प्रत्येक लुक उघडून बघा. पकड यावी म्हणून कलाकार हाताला राळ लावतात आणि ती कुठे ना कुठे लागलेली असतेच, चिकट पिवळसर डाग. पाण्याने ती जात नाही, अल्कोहोलने सुटते, पण रंग सुटेल की नाही ते आधी आतल्या शिवणीच्या कडेला थेंब टाकून बघा, पाच मिनिटं थांबा, पांढऱ्या कापडाने टिपा, आणि टिपलेल्या कापडावर रंग उतरला नसेल तरच डागाला हात लावा. पांढऱ्या रंगाचे कॉलरवरचे डाग त्याच रात्री काढा, पावडर आणि तेल एकदा धाग्यात मुरलं की ऑर्गन्झाची ती झालर परत उभी राहत नाही.